हार्डवेअर परफॉर्मन्स काउंटर आणि कॉन्टेक्स्ट स्विच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत ऑपरेटिंग सिस्टीम शिकणारे विद्यार्थी आणि हिंजवडी, बाणेर, खराडी परिसरात प्रोग्रॅमच्या वेगाचे मोजमाप करणारे अभियंते आमच्या अभ्यासगटाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. वेगळा उल्लेख नसेल तेथे उत्तर लिनक्स आणि एक्स८६ प्रोसेसर यांना धरून दिले आहे. कॉन्टेक्स्ट स्विच म्हणजे प्रोसेसरच्या एका कोरवरून एक प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) उतरवून दुसरी चढवणे. बहुतेक गोंधळ एकाच ठिकाणी होतो: काउंटर कोरच्या मालकीचा असतो, पण त्यावरचा आकडा आपल्याला प्रोसेसच्या नावावर हवा असतो.

१. हार्डवेअर परफॉर्मन्स काउंटर म्हणजे नेमके काय, आणि ते किती असतात?

प्रत्येक कोरमध्ये पीएमयू (परफॉर्मन्स मॉनिटरिंग युनिट) नावाचा एक भाग असतो. त्यातील मोजक्या रजिस्टरांना आपण एकेक घटना नेमून देतो आणि ती घटना घडली की त्या रजिस्टरातला आकडा वाढतो. पूर्ण झालेल्या सूचना (इन्स्ट्रक्शन), खर्ची पडलेल्या सायकल (घड्याळाचे ठोके), कॅश मिस (हवा तो डेटा कॅशमध्ये न सापडणे), ब्रँचचे चुकलेले अंदाज अशा शेकडो घटनांतून ही निवड करता येते. १९९३ च्या पेंटियममध्ये असे दोनच काउंटर होते. इंटेलच्या नेहेलेमपासून प्रत्येक हार्डवेअर थ्रेडला (कोरमधल्या तार्किक प्रोसेसरला) चार सर्वसाधारण आणि तीन ठरावीक घटनांना वाहिलेले काउंटर मिळाले. आइस लेकमध्ये सर्वसाधारण काउंटर आठ झाले. एएमडीच्या झेनमध्ये सहा आहेत, तर एआरएमच्या कॉर्टेक्स-ए७२ मध्ये सायकलचा एक आणि इतर घटनांसाठी सहा. घटना शेकडो आणि काउंटर बोटांवर मोजण्याइतके, ही टंचाई पुढच्या अनेक प्रश्नांच्या मुळाशी आहे.

२. पीसीबीच्या (कर्नल प्रत्येक प्रोसेससाठी ठेवते त्या नोंदीच्या) आकृतीत रजिस्टरे जपली जातात असे शिकवतात. काउंटरही त्यात आपोआप येतात का?

येत नाहीत. सर्वसाधारण रजिस्टरे कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा, स्विच करणारा कोड जपून ठेवतो, फ्लोटिंग पॉइंट आणि व्हेक्टर रजिस्टरे एक्ससेव्ह कुटुंबातल्या सूचनांनी ठेवली जातात. पण काउंटर एमएसआर (प्रोसेसरची खास नियंत्रण रजिस्टरे) या वर्गात मोडतात आणि वरीलपैकी कोणतीही यंत्रणा त्यांना हात लावत नाही. प्रोग्रॅम योग्य रीतीने पुढे चालण्यासाठी काउंटरची गरज नसते, म्हणून ते जपण्याची सक्तीही नसते. प्रोसेसरला यूजर मोड (प्रोग्रॅमचा स्वतःचा कोड) आणि कर्नल मोड (कर्नलचा कोड) यांतील भेद कळतो आणि त्यानुसार मोजणी गाळता येते, परंतु सध्या कोणती प्रोसेस चालू आहे हे पीएमयूला ठाऊक नसते. ते फक्त कर्नलला माहीत असते, म्हणून हिशेबही कर्नललाच ठेवावा लागतो.

३. कर्नलने तो हिशेब ठेवला नाही तर काय बिघडेल?

समजा, तुमचा सॉर्टिंगचा प्रोग्रॅम आणि शेजारी उघडा असलेला ब्राउझर एकाच कोरवर आलटून पालटून चालत आहेत. प्रोग्रॅमने सुरुवातीला काउंटर वाचला, शेवटी वाचला आणि वजाबाकी केली, तर मधल्या काळात ब्राउझरने चालवलेल्या सूचनाही त्या उत्तरात येतील. याहून वाईट म्हणजे, प्रोग्रॅम मध्येच दुसऱ्या कोरवर गेला तर दोन वेगळ्या काउंटरांच्या आकड्यांची वजाबाकी होईल आणि उत्तर ऋणही येऊ शकेल. सुरक्षेचा मुद्दाही तितकाच गंभीर आहे: दुसऱ्या प्रोसेसचे कॅश मिस आणि ब्रँच यांचे आकडे दिसू लागले, तर ती काय करते याचा सुगावा लागतो.

४. मग लिनक्स काय करते? स्विचच्या वेळी काउंटरचा आकडा जपून, परत आल्यावर तोच पुन्हा भरते का?

हा आम्हाला सर्वाधिक वेळा आलेला प्रश्न आहे आणि बहुतेकांचा समज येथेच चुकतो. नुसत्या मोजणीच्या बाबतीत लिनक्स जुना आकडा काउंटरमध्ये परत भरत नाही, तर फरकाचा हिशेब ठेवते. भाड्याच्या खोलीत भाडेकरू बदलताना विजेच्या मीटरचे रीडिंग लिहून घेतात आणि ज्याच्या त्याच्या काळातला फरक ज्याच्या त्याच्या नावावर मांडतात, तसाच हा प्रकार आहे.

जवळून पाहू. प्रत्येक घटनेसाठी कर्नलच्या मेमरीत ६४ बिटांचा एकूण आकडा असतो आणि त्यासोबत ‘मागचे वाचन’ ठेवलेले असते. प्रोसेस कोरवर आली की कर्नल काउंटरमध्ये एक सुरुवातीची किंमत लिहिते आणि तीच मागचे वाचन म्हणून नोंदवते. प्रोसेस कोरवरून उतरताना घटना बंद केली जाते, काउंटर वाचला जातो, मागच्या वाचनाशी फरक काढला जातो आणि तो एकूण आकड्यात मिळवला जातो. पहिल्या पाळीत फरक ४,००० आणि दुसऱ्या पाळीत २,५०० निघाला, तर एकूण आकडा ६,५००. मधल्या वेळात त्या काउंटरने दुसऱ्या कोणासाठी काय मोजले याच्याशी आपला संबंध उरत नाही. पुढच्या वेळी प्रोसेस वेगळ्या कोरवर, वेगळ्या क्रमांकाच्या काउंटरवर आली तरी हिशेब बिघडत नाही, आणि माझ्या मते या रचनेचे खरे सौंदर्य तेच आहे.

एक गोष्ट मात्र खऱ्या अर्थाने जपली जाते. सॅम्पलिंग चालू असेल, म्हणजे दर दहा लाख घटनांनंतर एक नमुना घ्यायचा असेल, आणि चार लाख घटना उरलेल्या असताना प्रोसेस उतरली, तर ‘चार लाख बाकी’ ही नोंद राहते. परत आल्यावर काउंटरमध्ये उणे चार लाख भरले जातात, म्हणजे बरोबर तेवढ्या घटनांनंतर तो शून्य ओलांडून व्यत्यय (इंटरप्ट) देतो. ही नोंद ठेवली नाही, तर वारंवार स्विच होणाऱ्या प्रोसेसचा नमुना कधी मिळणारच नाही.

५. हे काम कर्नलमध्ये नेमके कोठे होते, आणि मोजणी चालू नसताना त्याचा भार पडतो का?

जुनी प्रोसेस उतरवण्याचा भाग ‘प्रिपेअर टास्क स्विच’ या फंक्शनमधून आणि नवी चढवण्याचा भाग ‘फिनिश टास्क स्विच’ मधून बोलावला जातो. या दोहोंच्या मधला थोडासा कोड कोणत्याही प्रोसेसच्या खात्यात जात नाही. तो फक्त संपूर्ण कोरच्या मोजणीत दिसतो. त्यामुळे प्रोसेसनिहाय आकड्यांची बेरीज आणि कोरचा एकूण आकडा तंतोतंत जुळत नाहीत, आणि ते जुळावेत अशी अपेक्षाही ठेवू नये.

प्रोसेसनिहाय मोजणी कोणीच करत नसेल तेव्हा ही वाट स्टॅटिक की या युक्तीने बंद असते, म्हणजे तपासणीच्या जागी काहीही न करणारी सूचना असते आणि भार नगण्य राहतो. मोजणी सुरू झाली की प्रत्येक स्विचला एमएसआर लिहावे लागतात. असे एक लेखन सहज शंभर सायकलच्या घरात जाते, तर वाचनाची आरडीपीएमसी ही सूचना त्या मानाने स्वस्त असते. संपूर्ण कोरची मोजणी करत असाल, तर स्विचच्या वेळी काहीच जपावे लागत नाही. अपवाद सीग्रुपनिहाय (कर्नलने बांधलेल्या प्रोसेसांच्या गटानुसार) मोजणीचा, कारण तेथे गट बदलला की घटनाही बदलाव्या लागतात.

६. मोजता मोजता काउंटर भरून पुन्हा शून्यावर आला तर?

आजच्या एक्स८६ प्रोसेसरांत काउंटर सामान्यतः ४८ बिटांचे असतात. ३ गिगाहर्ट्झवर सायकल मोजल्या, तर ते भरायला सुमारे २६ तास लागतात. भरण्याच्या क्षणी व्यत्यय येतो आणि कर्नल तोपर्यंतचा फरक ६४ बिटांच्या आकड्यात मिळवून घेते. शिवाय वजाबाकी काउंटरच्या रुंदीनुसार केली जात असल्याने एक वळसा पूर्ण झाला तरी उत्तर बरोबर येते. जुन्या इंटेल प्रोसेसरांत लिहिताना फक्त खालचे ३२ बिट देता येत आणि उरलेले चिन्हानुसार भरले जात, म्हणून तेथे कर्नल ३१ बिटांपलीकडचा पल्ला धरत नाही.

७. पर्फ या लिनक्सच्या मोजमाप साधनातल्या पर्फ स्टॅटच्या काही ओळींच्या शेवटी कंसात ४० टक्के, ६० टक्के असे दिसते. स्विचमुळे माझे आकडे हरवले का?

हरवले नाहीत. ही टक्केवारी कॉन्टेक्स्ट स्विचची नसून टंचाईची आहे. काउंटरांपेक्षा जास्त घटना मागितल्या की कर्नल त्यांना आळीपाळीने काउंटर देते. प्रत्येक घटनेसाठी दोन कालावधी नोंदवले जातात: ती किती वेळ मागणीवर होती आणि प्रत्यक्षात किती वेळ काउंटरवर होती. मागणी १० सेकंद, मोजणी ४ सेकंद आणि प्रत्यक्ष आकडा २० लाख असेल, तर पर्फ ५० लाख असा अंदाज दाखवते आणि शेजारी ४० टक्के लिहिते. प्रोसेस झोपेत किंवा रांगेत असतानाचा वेळ यांपैकी कशातच धरला जात नाही, म्हणून निव्वळ स्विचमुळे टक्केवारी घटत नाही.

हा अंदाज प्रोग्रॅमचे वागणे एकसारखे असेल तरच विश्वासाचा. पहिली दोन सेकंद फाइल वाचणे आणि नंतर गणित, अशा प्रोग्रॅममध्ये तो साफ फसू शकतो. दोन घटनांचे गुणोत्तर हवे असेल, उदाहरणार्थ सूचना भागिले सायकल, तर त्या महिरपी कंसात एका गटात द्याव्यात, म्हणजे त्या एकत्रच चढतात आणि एकत्रच उतरतात. एनएमआय वॉचडॉग (कोर अडकला का यावर नजर ठेवणारी कर्नलची सोय) चालू असल्यास एक काउंटर त्याच्याकडे गुंतलेला असतो. मोजणीपुरता तो बंद केला तर एक काउंटर मोकळा होतो. टक्केवारीच न दिसणारा आकडा हाच अहवालात लिहावा, असा आमचा आग्रह आहे.

८. सिस्टीम कॉल न करता आरडीपीएमसीने थेट वाचताना मध्येच स्विच झाला तर उत्तर चुकणार नाही का?

काळजी घेतली नाही तर नक्की चुकेल. म्हणूनच कर्नल प्रत्येक घटनेसाठी एक मेमरी पान प्रोग्रॅमला दाखवते. त्यात एक क्रमदर्शक आकडा, सध्या कोणत्या क्रमांकाचा काउंटर मिळाला आहे याची नोंद आणि मिळवायची रक्कम असते. प्रोग्रॅमने आधी क्रमदर्शक वाचावा, मग काउंटरचा क्रमांक आणि रक्कम घ्यावी, आरडीपीएमसीने प्रत्यक्ष आकडा वाचून काउंटरच्या रुंदीनुसार त्याचे चिन्ह पसरवावे, बेरीज करावी आणि शेवटी क्रमदर्शक पुन्हा वाचावा. तो बदललेला असेल, तर मध्ये कर्नलने हिशेब हलवला असे समजून सगळे पुन्हा करावे. काउंटरचा क्रमांक शून्य दिसला, तर घटना सध्या काउंटरवर नाही आणि नुसती रक्कम हेच उत्तर.

ही पद्धत स्वतःच्याच थ्रेडचे आकडे वाचण्यासाठी आहे. लिनक्स ४.० पासून असे पान मागून घेतलेल्या प्रोसेसलाच आरडीपीएमसीची मुभा मिळते. त्याआधी ती सर्वांना होती. एआरएमच्या ६४ बिट प्रोसेसरांवर अशी थेट वाचनाची सोय ५.१७ पासून आहे आणि ती वेगळी चालू करावी लागते.

९. माझ्या प्रोग्रॅममध्ये अनेक थ्रेड आहेत. सर्वांची मोजणी होते का, आणि थ्रेडनिहाय आकडे खरे असतात का?

घटना उघडताना वारशाचा पर्याय दिला असेल, तर त्यानंतर जन्मलेल्या थ्रेडांना आणि प्रोसेसांना ती आपोआप लागू होते. आधीपासून चालू असलेल्या थ्रेडांना नाही. पर्फला चालू प्रोसेसचा क्रमांक दिला, तर ते तिच्या प्रत्येक थ्रेडसाठी वेगळी घटना उघडते.

यात एक बारकावा अनुभवी मंडळींच्याही नजरेतून सुटतो. एकाच पालकाकडून सारखाच वारसा मिळालेले दोन थ्रेड एकामागून एक कोरवर येत असतील, तर कर्नल काउंटर उतरवून पुन्हा चढवण्याऐवजी दोघांची खातीच अदलाबदल करते आणि हार्डवेअर जसेच्या तसे चालू ठेवते. प्रश्न ५ मधला लेखनाचा खर्च यात वाचतो आणि एकूण बेरीज अचूक राहते, पण कोणत्या थ्रेडने किती मोजले हे मिसळून जाते. थ्रेडनिहाय आकडे हवे असतील, तर तशी स्पष्ट मागणी करावी लागते; पर्फ रेकॉर्डचा एस हा पर्याय त्यासाठीच आहे. मग अदलाबदलीच्या वेळी दोन्ही खाती जुळवून घेतली जातात.

१०. नव्या लॅपटॉपवर एकाच घटनेच्या दोन ओळी येतात आणि दोन्हींत टक्केवारी असते. असे का?

२०२१ च्या अल्डर लेकपासून इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांत मोठे आणि छोटे असे दोन जातींचे कोर असतात आणि प्रत्येक जातीचा पीएमयू वेगळा असतो. मोठ्या कोरवर उघडलेली घटना प्रोसेस छोट्या कोरवर गेली की मोजत नाही, म्हणून पर्फ दोन्हींवर घटना उघडते. एआरएमच्या मोठ्या-छोट्या कोरांच्या फोनमध्येही हाच प्रकार असतो. धोका असा की प्रश्न ७ मधला अंदाज येथेही लावला जातो: मोठ्या कोरवर प्रोसेस निम्माच वेळ असली, तरी पूर्ण वेळ असती तर किती, असा वाढवलेला आकडा दिसतो. अशा दोन ओळींची थेट बेरीज करू नये. टास्कसेट या आज्ञेने प्रोसेस एकाच जातीच्या कोरांना बांधून मोजणे हा सरळ मार्ग आहे.

११. मेमरी कंट्रोलरची बँडविड्थ किंवा विजेचा वापर प्रोसेसनिहाय का मोजता येत नाही?

कारण ते काउंटर कोरमध्ये नसतात. एका कोरवर स्विच झाला, तरी बाकीचे कोर त्याच मेमरी कंट्रोलरचा वापर करत राहतात. तेव्हा फरक काढला तरी तो कोणाच्या नावावर मांडणार? त्यामुळे कर्नल अशा घटना प्रोसेसनिहाय उघडूच देत नाही. इंटेलच्या आरडीटी या देखरेखीच्या सोयीत मात्र वेगळा मार्ग काढला आहे: कर्नल स्विचच्या वेळी कोरवर एक ओळखक्रमांक लिहिते आणि हार्डवेअर त्या क्रमांकानुसार कॅशचा व्याप आणि मेमरीची वाहतूक मोजते.

१२. पीईबीएस आणि एलबीआर या पीएमयूच्या इतर सोयींनाही हाच नियम लागू आहे का?

पूर्णपणे नाही. पीईबीएसमध्ये हार्डवेअर स्वतःच नमुने बफरमध्ये लिहिते. बफर मोठा असेल तर स्विचच्या वेळी तो रिकामा करावा लागतो, नाहीतर एका प्रोसेसचे नमुने दुसरीच्या नावावर जातील. एलबीआरमध्ये अलीकडच्या ब्रँचांचे पत्ते असतात, आणि पत्त्यांचा फरक काढता येत नाही. कॉल स्टॅकसाठी वापर चालू असेल तर लिनक्स ते शब्दशः जपून परत भरते, अन्यथा पुसून टाकते. इंटेलच्या नव्या आर्किटेक्चरल एलबीआरला तर एक्ससेव्हच्या यंत्रणेतच स्थान मिळाले आहे, म्हणजे प्रश्न २ च्या उत्तराला हा खरा अपवाद आहे.

१३. व्हर्च्युअल मशीनमध्ये पर्फ ‘नॉट सपोर्टेड’ असे का म्हणते?

बहुधा पीएमयू पाहुण्या (व्हर्च्युअल मशीनमधल्या) सिस्टीमला दाखवलेलाच नसतो. केव्हीएम या लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीन यंत्रणेत तो दाखवला, तर पाहुण्याचा प्रत्येक काउंटर यजमानाच्या (प्रत्यक्ष यंत्रावरच्या सिस्टीमच्या) बाजूला पर्फच्या घटनेच्या रूपात राहतो आणि हिशेब दोन थरांत चालतो: आत पाहुणे कर्नल आपल्या प्रोसेसांमध्ये स्विच करते, बाहेर यजमान कर्नल तो आभासी सीपीयूच कोरवरून उतरवते. यजमानाकडे काउंटर कमी पडले, तर पाहुण्याला त्याची कल्पना येत नाही आणि आकडे गुपचूप कमी भरतात. गंभीर मोजमाप प्रत्यक्ष यंत्रावरच करावे.

१४. कॉलेजच्या प्रयोगशाळेत परवानगी नाकारली जाते. काय करावे?

‘पर्फ इव्हेंट पॅरानॉइड’ या सेटिंगची किंमत पाहा. लिनक्स ४.६ पासून ती मुळात २ असते, म्हणजे सामान्य वापरकर्त्याला स्वतःच्या प्रोसेसचा यूजर मोडचा भाग मोजता येतो, कर्नलचा नाही. काही वितरणे ती आणखी कडक करतात. सरसकट सैल करण्यापेक्षा ५.८ पासून आलेली ‘कॅप पर्फमॉन’ ही मर्यादित परवानगी प्रयोगशाळेच्या व्यवस्थापकांकडे मागावी.

१५. हिशेब इतका चोख असेल, तर एकच प्रोग्रॅम दोनदा चालवल्यावर कॅश मिस वेगवेगळे का येतात?

कारण कर्नल आकडा जपते, कॅश जपत नाही. तुमची प्रोसेस उतरली, दुसरीने तुमचा डेटा कॅशमधून बाहेर काढला आणि तुम्ही परत आलात, तर त्यानंतरचे कॅश मिस तुमच्याच खात्यात जातात, आणि तेही योग्यच, कारण ते तुमच्याच सूचनांनी घडले. काउंटरचा हिशेब निर्दोष असला, तरी स्विचचा परिणाम मोजमापात शिरतोच. म्हणून आकड्यांसोबत कॉन्टेक्स्ट स्विच आणि सीपीयू बदलल्याची संख्याही नोंदवावी. यूजर मोडमधल्या सूचनांची संख्या सर्वांत स्थिर असते. व्यत्ययांमुळे तीही किंचित वाढू शकते.

१६. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी महासंगणकावर एका कोरला एकच प्रोसेस बांधलेली असते. मग या सगळ्याची गरज आहे का?

गरज कमी होते, संपत नाही. कर्नलचे थ्रेड आणि व्यवस्थेच्या सेवा अधूनमधून त्याच कोरवर येतात. पापी ही काउंटर वाचण्याची सॉफ्टवेअर लायब्ररी वापरत असलात, तरी लिनक्सवर ती खाली याच यंत्रणेवर उभी असते, म्हणून प्रश्न ७ आणि १५ तेथेही लागू आहेत.

१७. जुन्या लेखांत पर्फसीटीआर आणि पर्फमॉन यांचे उल्लेख येतात. ते वेगळे होते का?

होय. ते मुख्य कर्नलबाहेरचे पॅच होते. आजची यंत्रणा सप्टेंबर २००९ मध्ये लिनक्स २.६.३१ मध्ये आली. फ्रीबीएसडीत ‘एचडब्ल्यूपीएमसी’ त्याआधीपासून होते, आणि विंडोज ७ पासून तेथेही थ्रेडनिहाय मोजणीची सोय आहे.

१८. मिनी प्रोजेक्टसाठी एक्सव्ही६ या शिकवण्यासाठीच्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये प्रोसेसनिहाय सूचना मोजायच्या आहेत. कोठून सुरुवात करावी?

तिची रिस्क-पाच प्रोसेसरांसाठीची आवृत्ती घ्यावी. सुपरवायझर मोडमधून (ज्यात कर्नल चालते) सूचनांचा काउंटर वाचता यावा म्हणून मशीन मोडमधल्या (सर्वाधिक अधिकारांच्या) सुरुवातीच्या कोडमध्ये ‘एमकाउंटरइनेबल’ रजिस्टरचा बिट २ चालू करावा; सायकल हव्या असतील तर बिट ० सुद्धा. मग प्रोसेसच्या स्ट्रक्चरमध्ये ६४ बिटांचे एक बेरजेचे घर वाढवावे. शेड्युलरच्या फंक्शनमध्ये ‘स्विच’ची जी एकच ओळ आहे, तिच्या लगेच आधी काउंटर वाचून स्थानिक चलात ठेवावा, लगेच नंतर पुन्हा वाचावा आणि फरक त्या प्रोसेसच्या घरात मिळवावा. प्रोसेस शेड्युलरकडे परतल्याशिवाय कोर बदलत नाही, म्हणून दोन्ही वाचने एकाच कोरवरची असतात. त्या क्षणी प्रोसेसचे लॉकही हातात असते, त्यामुळे वेगळे लॉक लागत नाही.

जुना आकडा परत भरण्याचा मोह येथे मुळातच होऊ शकत नाही, कारण सुपरवायझर मोडला हा काउंटर फक्त वाचता येतो. टायमरच्या व्यत्ययात आणि सिस्टीम कॉलमध्ये चाललेला कर्नलचा कोडही या बेरजेत येईल, हे अहवालात नमूद करावे. तो वगळायचा असेल, तर ट्रॅपच्या (प्रोग्रॅममधून कर्नलमध्ये शिरण्याच्या) प्रवेशावर आणि परतीच्या वाटेवरही असेच वाचन करावे लागेल. आणि क्यूईएमयू या एम्युलेटरवर चालवताना ‘आयकाउंट’ हा पर्याय दिलाच पाहिजे, कारण तो नसेल तर सूचनांच्या काउंटरमध्ये यजमान यंत्राच्या घड्याळाचे ठोके येतात आणि मोजलेल्या आकड्यांचा तुमच्या प्रोसेसने चालवलेल्या सूचनांशी काहीही संबंध राहत नाही.